मी कुणाचा मिंधा नाही

मराठी माणसाजवळ बंगला नसला तरी चालते, गाडी नसली तरी चालते, परदेशी गेलेला मुलगा नसला तरी एक वेळ निभावते. परंतु 'मी कुणाचा मिंधा नाही' हे वाक्य त्याला चारचौघांत छाती काढून म्हणता आले पाहिजे. बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचा एक रबरी शिक्का करून ठेवावा असे वाटते. गंमत अशी की, म्हणणारा बहुधा त्याच वेळी कर्जाच्या कागदांवर सतरा सह्या करत असतो. बँकेचे कर्ज हा मिंधेपणा नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. मेव्हण्याकडून दहा हजार घेतले की माणूस मिंधा. बँकेकडून दहा लाख घेतले की सन्माननीय खातेदार!

आमचे साडू हे या वाक्याचे सगळ्यात मोठे उपासक. एका कारखान्यातून वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, श्रीवर्धन तालुक्यात एका टेकडीच्या उतारावर थोडी जमीन घेतली आणि २०१८ साली तिथे घर बांधले. इथपर्यंत पुष्कळ लोक जातात. साडू पुढे गेले. त्यांनी विजेचे कनेक्शन घेतले नाही. विजेचा खांब कुंपणापासून मोजून दोनशे फुटांवर. वायरमन बिचारा दोनदा चढ चढून आला आणि "साहेब, तार ओढून देऊ का?" म्हणून विचारून गेला. दोन्ही वेळा साडूंनी त्याला चहा पाजून परत पाठवले. मला म्हणाले, "तार आली की बिल आलं. बिल आलं की रांग आली. रांग आली की माणूस वाकला. मला नाही वाकायचं."

बिल हल्ली मोबाइलवर भरतात, रांग कुठेच नसते, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. तत्त्वनिष्ठ माणसाला माहिती पुरवणे हा त्याचा अपमान असतो.

तर छपरावर नऊ पॅनेल बसली. मिळून तीन किलोवॅट. आपल्याकडे उन्हाळ्या-हिवाळ्यात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देते, म्हणजे साडूंची रोजची मिळकत बारा युनिट. (पॅनेलला ऊन लागते पण उकाडा सोसत नाही. मे महिन्यात ऊन रणरणते तेव्हा पॅनेल तापून उलट थोडी कमीच वीज देते. आमच्या शाखेतही मेमध्ये हेच होते.) ही वीज साठवायला बारा व्होल्टच्या, दोनशे अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या. त्या देवघराशेजारच्या खोलीत एका ओळीत मांडलेल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ साडू तिथे जाऊन मीटरचा आकडा बघतात आणि अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालतात. त्यांच्या वडिलांनी त्रिकाळ संध्या केली असेल की नाही, मला शंका आहे. साडूंची चुकत नाही.

आता बॅटरी म्हणजे काय, हे शास्त्रज्ञापेक्षा बँकेतला कारकून चांगले सांगू शकेल. बॅटरी म्हणजे बचत खाते. चार बॅटऱ्यांत कागदोपत्री साडेनऊ युनिटांच्या वर शिल्लक राहते. पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे मिनिमम बॅलन्स पन्नास टक्के! शिवाय शंभर भरावेत तेव्हा परत निघतात ऐंशीच्या आसपास. भरलेले पैसे घटून मिळणारे आणि निम्मे कधीच काढू न देणारे खाते आमच्या बँकेने सुरू केले असते, तर ग्राहकांनी मॅनेजरला केबिनमधून बाहेर येऊ दिले नसते. साडू मात्र या खात्यावर खूश. मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. बॅटऱ्यांना मोजले ऐंशी हजार. रोज काढता येणार साडेचार युनिट. आयुष्य धरा पाच वर्षे. म्हणजे वीज नुसती ठेवण्याचे भाडेच युनिटला पावणेदहा रुपये पडले, वीज वेगळी! खालच्या स्लॅबात याहून स्वस्त वीज तारेतून घरी चालत येते. पत्रिका साडूंना दाखवली. त्यांनी ती उलटी करून नवऱ्या मुलाचे नाव वाचले आणि विचारले, "हे आपल्या नात्यातले का?"

घरात आंघोळीचे पाणी तापवायचे कशाने, हा खरा कसोटीचा प्रश्न. दिवे, पंखे, फ्रिज ही सगळी लहान तोंडे आहेत. पाणी तापवणे हे राक्षसाचे तोंड. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठावर न्यायला चार युनिट लागतात. म्हणजे छपराच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा न्हाणीघरातून मोरीत. उन्हाची वीज करायची आणि विजेची पुन्हा ऊब करायची, हा व्यवहार म्हणजे पुण्याहून मुंबईला जाताना नागपूरला गाडी बदलण्यासारखा. म्हणून शहाणी माणसे छपरावर पाणी थेट उन्हातच तापवतात. पुण्यात तर सोसायट्यांच्या गच्च्यांवर या टाक्यांचे गाव वसले आहे. त्यात पंपसुद्धा नसतो. तापलेले पाणी हलके होऊन आपणहून वर चढते, गार पाणी खाली येते. तिकडे लडाखात फे गावातल्या सेक्मॉल संस्थेच्या इमारती तर बाहेर पाणी गोठत असताना मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेकडच्या काचा यांच्या जोरावर आतून उबदार राहतात. त्यात यंत्र म्हणून काही नाही, नुसती अक्कल आहे.

साडूंनीही उन्हाची टाकी बसवली. पण कोकणात जून ते सप्टेंबर सूर्य रजेवर असतो आणि नेमके त्याच महिन्यांत माणसाला कढत पाणी हवे असते. मग आक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, सासूबाईंचा तांब्याचा बंब माळ्यावरून उतरवला. नारळाच्या शेंड्या, वाळक्या झावळ्या, काजूची काटकी असे काहीही त्याच्या नळकांड्यात घालावे. अर्ध्या तासात घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी. त्या काजळी धरलेल्या बंबाला कुणी 'नवीकरणीय ऊर्जा' म्हणणार नाही, कारण तो दिसायला जुना आहे आणि त्याला अनुदान नाही. घरातली सगळ्यात बिनतक्रार अपारंपरिक ऊर्जा मात्र तोच देतो. अपारंपरिक म्हणजे आपल्या आज्यांची, ही आणखी एक गंमत.

स्वयंपाकासाठी गोबर गॅस. इथे मात्र तत्त्वाची चांगलीच पंचाईत झाली. एक घनमीटर गॅसला सुमारे पंचवीस किलो शेण लागते. दोन घनमीटरच्या टाकीला रोजचे पन्नास किलो. साडूंकडे गाय एकही नाही. म्हणजे कुणाचे मिंधे राहू नये म्हणून रोज सकाळी पन्नास किलो शेण दुसऱ्याच्या गोठ्यातून आणायचे! खालच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याशी बोलणे झाले : शेण त्याचे, टाकीतून निघणारी मळी खत म्हणून त्याला परत. एकदा त्याच्या घरी लग्न निघाले आणि गडी चार दिवस आला नाही. त्या चार दिवसांत आमच्या स्वावलंबी साडूंकडे चहा झाला तो बंबावर. खरकट्यावर आणि पिठुळ कचऱ्यावर चालणारी आटोपशीर टाकी पुण्याच्या आरती या संस्थेने तयार केली आहे, तिला २००६ साली ॲश्डेन पारितोषिकही मिळाले. मी साडूंना तिची आठवण करून दिली. ते म्हणाले, "दोन माणसांचं खरकटं कितीसं होणार?" ते आक्कांनी ऐकले, आणि त्या दिवशी भात जरा जास्त लागला.

साडूंचे आराध्यदैवत थोरो. त्याचे 'वॉल्डन' दुर्गा भागवतांनी मराठीत आणले, ते पुस्तक त्यांच्या उशाशी असते. १८४५ साली हा माणूस तळ्याकाठी झोपडी बांधून एकटा राहायला गेला आणि सवादोन वर्षे राहिला. मला तो आवडतो, पण वेगळ्या कारणासाठी. त्याने झोपडीचा जमाखर्च छापला आहे : एकूण अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. अर्धा सेंटही सोडलेला नाही. असा माणूस आमच्या कॅशमध्ये हवा होता. मात्र हिशेबात जमीन कुठेच नाही, कारण जमीन एमर्सन या मित्राची. झाडे तोडायला घेतलेली कुऱ्हाडही उसनी. ती परत करताना जास्त धार लावून दिली, असे तो स्वतःच सांगतो. एकान्तवासाच्या या आद्य आचार्यांचा संसार उसन्या कुऱ्हाडीने सुरू झाला आहे. मला यात थोरोचा कमीपणा दिसत नाही. त्याने ते लपवले नाही, हेच मोठे. आपण लोक कुऱ्हाडीचे सांगत नाही.

आमच्या कारकुनी वंशातही एक सूर्योपासक होऊन गेला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज मुंबईत डेप्युटी रजिस्ट्रार होता. त्याने कुलाब्याला सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार रांग उभी करून सगळे ऊन एका बॉयलरवर पाडले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. १८७८ साली त्यावर पुस्तकही लिहिले. कचेरी सांभाळून! आमच्या मॅनेजरांना हे मी मुद्दाम सांगितले नाही.

आता प्रश्न असा की, कुणाचे काही देणे न लागणे हे खरेच शक्य आहे का, आणि शक्य असले तर ते चांगले आहे का?

पहिल्या अर्ध्या प्रश्नाला उत्तर सोपे आहे. पॅनेलच्या काचेमागचा सेल बहुधा चीनमध्ये जन्मलेला, शिसे कुठल्या खाणीतले कुणास ठाऊक, इन्व्हर्टर बिघडला की बाइकवरून येणारा पोरगा महाडचा. दुसरा अर्धा अवघड. कारण विजेची तार ही नुसती तार नसते, ती भिशी असते. कारखाने आणि दुकाने विजेचा दर खर्चापेक्षा जास्त देतात, म्हणून शेतीपंपाला ती खर्चापेक्षा कमी दरात मिळते. घरगुती ग्राहकांतही वरच्या स्लॅबवाला खालच्या स्लॅबवाल्याचा थोडा भार उचलतो. आपण कुणाला उचलतो आहोत हे त्याला माहीतही नसते, तो फक्त बिल बघून कपाळाला हात लावतो. आता ऐपतवाले एकेक करून या भिशीतून उठले, तर मागे राहणार कोण? खांब तेवढेच, तार तेवढीच, वायरमनचा पगार तेवढाच; वाटून घ्यायला माणसे कमी, आणि तीही खालच्या ऐपतीची. साडूंसारखी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यांच्यामुळे कुणाचे बिल वाढले नसेल. परंतु नीतीच्या प्रश्नात 'सगळ्यांनीच असे केले तर?' हे विचारायचे असते, आणि तिथे साडूंचे उत्तर चाचरते.

मात्र इथे एक फरक केलाच पाहिजे. ज्याच्या कुंपणापासून दोनशे फुटांवर खांब आहे तो आणि ज्याच्या पाड्यापर्यंत खांब पोचलाच नाही तो, हे दोघे सारखे नव्हेत. २०१७ साली आलेल्या 'सौभाग्य' योजनेत दुर्गम घरांना तारेऐवजी पॅनेल आणि बॅटरी दिली गेली : पाच दिवे, एक पंखा. त्या घराला कुणी 'स्वावलंबी' म्हणून टाळ्या वाजवत नाही. तेच ऊन साडूंच्या छपरावर पडले की तत्त्वज्ञान होते आणि पाड्यावर पडले की योजना होते. मला हा भेद फार दिवस खटकतो आहे.

हे सगळे मी साडूंना ऐकवले असते तर त्यांनी मला पत्रिकेसारखेच उलटे करून ठेवले असते. ते काम वाऱ्याने केले.

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरे उडाली, विजेचे खांब काडीसारखे मोडले. त्या भागातल्या किती तरी गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. साथीचे दिवस, जिल्ह्याची हद्द ओलांडायची सोय नाही, फोन बंद. आम्हाला आक्कांचा आवाज ऐकायला दहा दिवस लागले. पुढची हकीकत मी फोनवरून आणि नंतर त्यांच्या घरी एक वही चाळताना जोडली.

साडूंची नऊपैकी तीन पॅनेल उडाली. तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वाडीतली माणसे चढावर पडलेले झाड तोडत वर आली. त्यांच्या डोक्यावर दोन पॅनेल होती, सुपारीच्या बागेत सापडलेली, शाबूत. पॅनेल ओटीवर ठेवली, पाणी प्यायले आणि मग एकाने खिशातून मोबाइल काढून विचारले, "साहेब, तुमच्याकडं लाइट हाय म्हनं?"

सगळ्या पंचक्रोशीत उजेड असलेले घर ते एकच.

एका युनिटात पन्नास-साठ मोबाइल सहज भरतात, तेव्हा तो प्रश्न नव्हता. पण मोबाइलमागून बॅटऱ्या आल्या, बॅटऱ्यांमागून एका म्हातारीच्या इन्सुलिनच्या कुप्या आल्या, मग आणखी एकाच्या, मग कुणाच्या तान्ह्यासाठी दूध. जूनचे ढग, बारा युनिटांची मिळकत तीन-साडेतीनवर आलेली. फ्रिज एकटाच एकाच्या वर खातो. बॅटरीचा काटा निम्म्याकडे झुकू लागला. बँकेत आम्ही याला 'रन' म्हणतो. प्रत्येक खातेदाराचे मागणे अगदी रास्त असते, सगळ्यांचे मिळून मात्र देता येत नाही. आज निम्म्याखाली उतरून दिले तर बॅटऱ्या कायमच्या जातील आणि महिनाभर कुणालाच काही मिळणार नाही. न दिले तर म्हातारीला 'नाही' म्हणायचे, आणि तेही कुठल्या तोंडाने? ज्यांनी पॅनेल डोक्यावरून आणून दिली त्यांच्यासमोर?

फोन लागला तेव्हा साडूंनी मला विचारले, "मला सांगा, मी या लोकांचं काही देणं लागतो का? कायद्यानं?"

'कायद्यानं' हा शब्द माणूस उगाच जोडत नाही. 'मी कुणाचा मिंधा नाही' या वाक्याला एक मुका उत्तरार्ध असतो : 'म्हणून कुणी माझ्या दारी येऊ नये.' पूर्वार्ध आपण मोठ्याने म्हणतो, उत्तरार्ध कुंपण म्हणते. आणि त्या दिवशी कुंपणही वादळात गेले होते.

मी काही तरी गुळमुळीत बोललो असेन. फोन आक्कांनी घेतला. म्हणाल्या, "ह्यांचं ऐकू नका. मी सगळं लावून दिलंय. औषधं आधी. मग दूध. मोबाइल दुपारी, ऊन असेल तेव्हाच. पंखे बंद. टीव्ही बंद, त्याला कुणी मरत नाही. मिक्सर ठेवला माळ्यावर आणि पाटा-वरवंटा काढलाय." सहा ओळींत रेशनिंग! दिवसभर विजेचा हिशेब करणाऱ्या साडूंना जे सुचले नाही ते आक्कांना सुचले, याचे कारण मला वाटते एवढेच की, पाहुणे वाढले आणि आमटी तेवढीच असली तर काय करायचे, हा प्रश्न त्यांनी तीस वर्षे सोडवला आहे.

साडूंनी मात्र वही घातली. ती मी पुढे पाहिली. पहिल्या पानावर पाच रकाने : तारीख, नाव, वस्तू, तास, दर. पहिल्या सात नोंदींपुढे दर पाच रुपये. आठव्या नोंदीपासून रकाना कोरा. आठवे नाव पॅनेल आणणाऱ्यांपैकी एकाचे होते. दुसऱ्या पानावर दर हा रकानाच आखलेला नाही. तिसऱ्या पानापासून डाव्या बाजूला दुसऱ्या अक्षरात, बहुधा आक्कांच्या, जमेची बाजू सुरू होते : 'माणसे सहा, अर्धा दिवस, रस्त्यावरचे झाड.' 'फणस १.' 'शेण, पावसातून, नेहमीप्रमाणे.' 'छपराची कौले लावून दिली, पैसे घेतले नाहीत.' वही मोडीत निघाली होती, पाने पावसाने फुगलेली. ताळेबंद जुळवायची मला खोड आहे. पण कौले आणि मोबाइल यांची बेरीज कोणत्या एककात करायची ते बी.कॉम.ला शिकवलेले नव्हते.

एक नाव वहीत अकरा वेळा आहे. वायरमनचे. खांब उभे करायला तो दिवसभर चिखलात हिंडायचा, आणि त्याचा मोबाइल बंद पडला की कुठली तार कुठे तुटली हे त्याला कळायचे नाही. तालुक्याची वीज परत आणणारा माणूस रोज दुपारी त्या एका बिनतारेच्या घरी येऊन चार्जिंगला बसत होता. त्याच्या नोंदीपुढे साडूंनी पहिल्यापासूनच दर लिहिलेला नाही.

महिना उलटून गेल्यावर वाडीत दिवे लागले. फ्रिजमधले डबे ज्याचे त्याच्याकडे गेले. एक बॅटरी नंतर वर्षभरात दगावली, ती त्या महिन्यामुळेच, असे साडूंचे म्हणणे. आक्कांचे म्हणणे, डिस्टिल्ड वॉटर संपल्यावर नळाचे घातले त्यामुळे. म्हातारी अजून आहे. चतुर्थीला तिच्याकडून मोदकांसाठी नारळ येतात.

साडूंनी तार अजून घेतलेली नाही. मी त्यांना सांगून पाहिले की, तार घेतलीत तर जास्तीची वीज तारेत सोडता येते, बॅटऱ्यांचे भाडे वाचते, आणि केंद्राच्या २०२४ च्या योजनेत तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान ठेवले आहे, पण तार असेल तर. ते म्हणाले, "बघू." हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

वायरमन त्या बाजूला आला की चहा घेऊन जातो. कनेक्शनचे तो आता विचारत नाही. मागच्या खेपेला साडूंनीच सहज म्हणून त्याला विचारले की, दोनशे फुटांच्या केबलला खर्च काय येईल? तो बशीतला चहा संपवत म्हणाला, "मोजून सांगतो, साहेब." त्या गोष्टीला आता वर्ष होत आले.